फाशीच्या इंजेक्शनसाठी औषध विकावं का?

मुंबईतल्या एका औषध निर्यात कंपनीत काम करणाऱ्या तरुण फार्मासिस्टने विचारलं आहे: थायोपेंटोन हे भुलीचं औषध आपल्याकडे परवान्याने बनतं, अमेरिकेतल्या काही राज्यांत देहदंड कायदेशीर आहे, मग तिथल्या तुरुंगाने ऑर्डर दिली तर विकण्यात अनैतिक काय? दुसरं, कंपन्या आणि डॉक्टर अंग काढून घेतात म्हणूनच कैद्यांचे जास्त हाल होतात, तर हा नकार कुणाच्या भल्याचा? आणि भारतात दोराऐवजी इंजेक्शन आणा अशी मागणी आहे, त्याचं काय?

मी भूलतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं सरकारी इस्पितळात काढली आणि त्यातली काही औषध खरेदी समितीवर, त्यामुळे सुई आणि टेंडर या दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत. देहदंड असावा की नसावा यावर माझं मत आहे, पण ते बाजूला ठेवूनही या प्रश्नाचं उत्तर देता येतं. गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या तुरुंगांनी ही औषधं कशी मिळवली याचे कागद कोर्टांमुळे आणि पत्रकारांमुळे बाहेर आले. ते वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. साखळीत कुठे ना कुठे कुणाला तरी खोटं सांगावं लागलं आहे, किंवा खरं दडवावं लागलं आहे. जे औषध खऱ्या कारणासाठी उघडपणे मागता येत नाही, त्याच्या विक्रीतली नैतिक अडचण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आधी औषधाबद्दल. थायोपेंटोन, म्हणजे आमच्या तोंडी असलेलं पेंटोथॉल, ही फिकट पिवळी पूड. ५०० मिलिग्रॅम किंवा १ ग्रॅमची व्हायल येते, त्यात स्टराइल वॉटर घालून अडीच टक्क्यांचं द्रावण करायचं आणि ते ताजंच वापरायचं. डोस किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला फार तर ३०० मिलिग्रॅम. शिरेत जाताच बरेच पेशंट सांगतात, तोंडाला लसणासारखी चव आली. आणि ते सांगता सांगताच झोपतात. द्रावण इतकं अल्कधर्मी असतं की शिरेबाहेर झिरपलं तर आग आग होते, चामडीखालचं मांस मरतं. म्हणून औषध जात असताना आमची नजर मॉनिटरइतकीच इंट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या, जागेवर असते आणि ती जागा आम्ही चादरीने झाकत नाही. ही चादर पुढे येणार आहे.

१९७७ साली ओक्लाहोमाचे मुख्य वैद्यकीय तपासनीस जे चॅपमन यांनी या औषधातून देहदंडाची पद्धत बेतली: आधी थायोपेंटोनने बेशुद्धी, मग पॅनक्युरोनियमने सगळे स्नायू लुळे, मग पोटॅशियम क्लोराइडने हृदय बंद. चॅपमन शवचिकित्सेतले, भुलीतले नव्हेत. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्सासने चार्ल्स ब्रूक्स या कैद्यावर ही पद्धत पहिल्यांदा वापरली आणि बाकी राज्यांनी फारसा विचार न करता ती उचलली. कुठलीही चाचणी झाली नव्हती, होणं शक्यही नव्हतं. भुलीच्या दृष्टीने यातला मधला भाग मला सगळ्यात वाईट वाटतो. पहिलं औषध कमी पडलं तर माणूस जागा राहतो, पण लुळा असल्यामुळे ओरडू शकत नाही, बोटही हलवू शकत नाही. पोटॅशियम शिरेतून जाताना जळत जातं. आमच्या वॉर्डात पोटॅशियमच्या अ‍ॅम्प्यूल वेगळ्या कुलपात असतात ते चुकूनही थेट शिरेत जाऊ नयेत म्हणून. तिथे तेच मुद्दाम करायचं असतं आणि बघणाऱ्यांना सगळं शांत दिसतं.

आता पुरवठा. २००९ पर्यंत अडचण नव्हती. अमेरिकेत थायोपेंटोन बनवणारी हॉस्पिरा ही एकच कंपनी उरली होती, इस्पितळं तिच्याकडून घेत आणि तुरुंगही. मग कच्च्या मालाच्या भानगडीत उत्पादन थांबलं. कंपनीने इटलीत, मिलानजवळच्या लिस्काते इथल्या कारखान्यात ते सुरू करायचं ठरवलं, तर इटलीच्या संसदेने अट घातली: हे औषध देहदंडासाठी जाणार नाही याची हमी द्या. एकदा वितरकाच्या हाती गेलेला माल कुठे जातो याची हमी हॉस्पिराला देता येईना. जानेवारी २०११ मध्ये कंपनीने थायोपेंटोन कायमचं बंद केलं. या निर्णयाने अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या हातातलं एक जुनं, स्वस्त औषध गेलं, तेही मूठभर कैद्यांच्या देहदंडापायी. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. तुरुंगाला दिलेली व्हायल रुग्णांच्या पुरवठ्यातूनच जाते, आणि तिच्यामुळे तो पुरवठाच तुटू शकतो.

राज्यांनी मग जगभर हात मारायला सुरुवात केली. पश्चिम लंडनमधल्या अ‍ॅक्टन भागात एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीतून ड्रीम फार्मा नावाची पेढी चालत होती. अ‍ॅरिझोना, जॉर्जिया अशा राज्यांनी तिथून थायोपेंटोन मागवलं. ऑक्टोबर २०१० मध्ये अ‍ॅरिझोनाने जेफ्री लँड्रिगन याला याच ब्रिटिश औषधाने मारलं. औषध कुठून आलं हे सांगायला राज्य तयार नव्हतं, आणि तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी देहदंडावरची स्थगिती उठवली, कारण औषध असुरक्षित असल्याचा पुरावा नाही! पुरावा दडवायचा एकाने आणि सादर करायचा दुसऱ्याने, असा तो न्याय. पुढच्याच महिन्यात ब्रिटनने या निर्यातीवर निर्बंध घातले, २०११ च्या डिसेंबरात युरोपीय संघानेही. जॉर्जियाचा साठा मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्याच अमली पदार्थविरोधी यंत्रणेने जप्त केला.

आणि मग मुंबई. तुम्ही याच शहरात बसून प्रश्न विचारला आहे म्हणून हे सविस्तर सांगते. नेब्रास्काच्या तुरुंग खात्याने केयम फार्मास्युटिकल या मुंबईच्या कंपनीकडून ५०० ग्रॅम थायोपेंटोन घेतलं, साउथ डकोटानेही घेतलं. वरचा हिशोब लावा: ५०० ग्रॅम म्हणजे सोळाशेहून जास्त ऑपरेशनांची भूल, आणि गिऱ्हाईक असं की ज्याच्याकडे ऑपरेशन थिएटरच नाही. बातम्या आल्या आणि एप्रिल २०११ मध्ये केयमने जाहीर केलं की देहदंडासाठी वापर होणार असेल तर आम्ही हे औषध विकणार नाही. नेब्रास्काला तो साठा वापरता आला नाही. आयातीचा नोंदणी परवानाच धड नव्हता.

पण तेवढ्यावर ते थांबलं नाही. त्याच वर्षी कोलकात्याच्या एका दलालामार्फत नेब्रास्काला दुसरा साठा मिळाला. तो नारी नावाच्या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा माल होता. कंपनीचं म्हणणं असं, की झांबियात नोंदणी करून तिथल्या इस्पितळांत वापरण्यासाठी आम्ही हे नमुने दिले होते. तो माल परस्पर अमेरिकेतल्या तुरुंगाला विकला गेला. कंपनीने नेब्रास्काच्या मुख्य न्यायाधीशांना पत्र लिहून माल परत मागितला, तरी राज्याने दिला नाही. अखेर तो तिथेच एक्स्पायर झाला. झांबियाच्या भूलतज्ज्ञांचं यात काय चुकलं होतं हे मला कुणी सांगावं. २०१५ मध्ये याच राज्याने पुन्हा त्याच दलालाला ५४,४०० डॉलर आगाऊ दिले. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेने (आपल्या वांद्र्याच्या नव्हे), माल येऊ दिला नाही. त्याच वर्षी टेक्सासच्या एक हजार व्हायल ह्यूस्टनच्या विमानतळावर अडकल्या. त्याआधी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की मान्यता नसलेलं थायोपेंटोन अडवणं एफडीएला बंधनकारक आहे. मग २०१९ मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्याने मत दिलं की देहदंडाची औषधं एफडीएच्या अखत्यारीतच येत नाहीत. म्हणजे तीच व्हायल इस्पितळात औषध आणि तुरुंगात नाही. देहदंड हा औषधोपचार नव्हे, हे डॉक्टर जे पहिल्यापासून म्हणत होते तेच इथे सरकारने उलट्या हेतूने कबूल केलं.

युरोपातून थायोपेंटोन बंद झाल्यावर राज्यं पेंटोबार्बिटाल या त्याच जातीच्या औषधाकडे वळली. ते बनवणाऱ्या डेन्मार्कच्या लुंडबेकने जुलै २०११ मध्ये वितरणाची साखळीच बदलून तुरुंगांना वगळलं. मग मिसुरीने प्रोपोफोल हे भुलीचं दुसरं औषध वापरायचं ठरवलं. दुधासारखं पांढरं प्रोपोफोल आज आमच्या थिएटरमध्ये रोज सगळ्यात जास्त लागतं, आणि अमेरिकेला ते मुख्यतः युरोपातून, जर्मनीच्या फ्रेझेनियस काबी या कंपनीकडून जायचं. तुरुंगात वापरलंत तर युरोपचे निर्यात निर्बंध लागतील हे दिसताच अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटना धावल्या. एका वितरकाने चुकून गेलेला माल परत मागितला. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये गव्हर्नर जे निक्सन यांनी ठरलेला देहदंड थांबवला. एका कैद्याच्या शिक्षेपायी अख्ख्या देशाची शस्त्रक्रियेची भूल टांगणीला लागली होती. मे २०१६ मध्ये, हॉस्पिरा विकत घेतलेल्या फायझरनेही दार लावलं आणि उघड्या बाजारातलं शेवटचं मोठं नाव गेलं.

उरली ती चोरवाट. मिसुरीचे अधिकारी शेजारच्या ओक्लाहोमातल्या एका कंपाउंडिंग फार्मसीला, म्हणजे मागणीनुसार औषध स्वतः तयार करून देणाऱ्या दुकानाला, रोख डॉलर नेऊन देत, म्हणजे कागदावर नाव येऊ नये. लुईझियानात तुरुंगाने एका इस्पितळाकडून हायड्रोमॉर्फोन हे तीव्र वेदनाशामक घेतलं. इस्पितळाची समजूत अशी की ते कुणा आजारी कैद्यासाठी आहे. आर्कान्साने व्हेक्युरोनियम हे स्नायू लुळे करणारं औषध मागवलं तेव्हा, वितरक मॅकेसनच्या दाव्यानुसार, खरेदीला एका डॉक्टरचा परवाना वापरला आणि वापर वैद्यकीयच आहे असं भासवलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्या राज्याने अकरा दिवसांत आठ जणांना मारायचं वेळापत्रक आखलं होतं. कारण काय, तर मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाची एक्स्पायरी महिनाअखेरीस होती. चौघांचे देहदंड झाले. एक्स्पायरी जवळ आलेला स्टॉक आधी संपवा हे आम्ही स्टोअरकीपरला रोज सांगतो. त्या सूचनेचा असा अर्थ निघेल असं वाटलं नव्हतं.

कंपाउंडिंग फार्मसीचा मुद्दा बारीक आहे, पण फार्मासिस्टने नजर रोखावी असा. तिथे बनलेल्या औषधाला कारखान्याची बॅच तपासणी नसते, टिकाऊपणा कमी, आणि राज्यांनी गुप्ततेचे कायदे करून बनवणाऱ्याचं नावच झाकलं. टेनेसीमध्ये एप्रिल २०२२ मध्ये ऑस्कर स्मिथ याचा देहदंड तासाभरावर असताना गव्हर्नरने थांबवला, कारण औषधाची एंडोटॉक्सिनसाठी, म्हणजे जिवाणूंच्या विषारी अंशासाठी, चाचणी केलेलीच नव्हती. अमेरिकन फार्मासिस्ट असोसिएशनने मार्च २०१५ मध्येच ठराव केला आहे की आरोग्य देणारा म्हणून फार्मासिस्टच्या भूमिकेशी हे काम जुळत नाही, त्यात भाग घेऊ नये. तुमचा व्यवसाय म्हणून हा ठराव तुम्हाला माहीत असायला हवा. दाम मात्र वाढत गेले: युटाने २०२४ मध्ये एका देहदंडाच्या पेंटोबार्बिटालसाठी दोन लाख डॉलर मोजले. बाजारात अशी किंमत औषधाची नसते, तोंड बंद ठेवण्याची असते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो जास्त अवघड आहे. डॉक्टर दूर राहिले म्हणून हाल वाढतात का? काही प्रमाणात हो, हे नाकारण्यात अर्थ नाही. चांगली औषधं गेल्यावर मिडाझोलाम आलं, आणि मिडाझोलाम एकट्याने पूर्ण भूल देत नाही. एका मर्यादेपलीकडे डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही. जुलै २०१४ मध्ये अ‍ॅरिझोनात जोसेफ वुड जवळजवळ दोन तास धापा टाकत होता, त्याला ठरलेला डोस पंधरा वेळा दिला गेला.

पण मग डॉक्टर हजर असेल तर निभावतं का? २९ एप्रिल २०१४, ओक्लाहोमा, क्लेटन लॉकेट. तिथे डॉक्टर होता. पॅरामेडिकला हातात शीर सापडली नाही. मग मान, छाती, पाय असं करत डॉक्टरने जांघेतल्या मोठ्या शिरेत सुई घातली. त्या खोलीवरच्या शिरेला लांब सुई लागते, ती तुरुंगात नव्हतीच, म्हणून आखूड सुईवर भागवलं. मग लाजलज्जेखातर जांघेवर चादर ओढली. औषध शिरेत न जाता मांसात झिरपत राहिलं. कुणीतरी चादर उचलली तेव्हा गोल्फच्या चेंडूपेक्षा मोठी सूज आलेली होती. माणूस बोलत होता, उठायचा प्रयत्न करत होता. पहिल्या औषधानंतर ४३ मिनिटांनी त्याचं हृदय थांबलं. आमच्या थिएटरमध्ये यातली प्रत्येक चूक कुणी ना कुणी टोकली असती, कारण तिथे सगळी मांडणी पेशंट जगावा म्हणून असते. सुई लांब नाही तर केस पुढे ढकलतो. तिथे पुढे ढकलणं हाच अपमान, औषध शेजारच्या खोलीतून लांब नळीने ढकललं जातं आणि ढकलणाऱ्याला रुग्ण धड दिसतही नाही. मिसुरीत वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या एका शल्यचिकित्सकाने २००६ मध्ये शपथेवर सांगितलं होतं की आपल्याला आकडे उलटसुलट दिसतात आणि थायोपेंटोनचा डोस आपण मनानेच कमी केला. असा डॉक्टर इस्पितळाने भुलीला ठेवला नसता. तुरुंगाने ठेवला, कारण इतर कुणी आलं नाही.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची भूमिका १९८० पासून ठाम आहे: डॉक्टरने देहदंडात भाग घेऊ नये. भाग म्हणजे फक्त औषध देणं नव्हे. शीर निवडणं, सलाईन लावणं, मॉनिटर पाहणं, डोसबद्दल सल्ला देणं, सगळं त्यात येतं. मृत्यू दुसऱ्या कुणी जाहीर केल्यावर दाखल्यावर सही करायला हरकत नाही. ही रेघ काहींना कीस काढल्यासारखी वाटते. मला ती नेमकी वाटते, कारण मृत्यू जाहीर करणारा डॉक्टर ‘अजून नाही’ असंही म्हणू शकतो, आणि त्या दोन शब्दांचा तिथे अर्थ ‘अजून थोडं औषध द्या’ असा होतो. २०१० मध्ये तिथल्या भूलतज्ज्ञांच्या प्रमाणपत्र मंडळाने भाग घेणाऱ्याचं प्रमाणपत्र काढून घेण्याचा इशारा दिला. त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलिफोर्नियात न्यायाधीशांच्या आदेशाने दोन भूलतज्ज्ञ मायकल मोरालेसच्या देहदंडासाठी आले होते. फक्त हजर राहायचं अशी त्यांची समजूत होती. कैदी जागा झाला तर हस्तक्षेप करावा लागेल हे कळताच ते निघून गेले आणि तो देहदंड झालाच नाही. डॉ. अतुल गावंडे यांनी, ज्यांचे वडील आपल्या विदर्भातले, त्याच सुमारास या कामात भाग घेतलेल्या चार डॉक्टरांशी आणि एका नर्सशी बोलून लिहिलं होतं. स्वतः देहदंडाच्या बाजूचे असूनही डॉक्टर-नर्सनी यात असू नये याच निष्कर्षाला ते आले.

त्यामुळे हाल वाढल्याचा दोष नकार देणाऱ्याच्या गळ्यात घालणं मला पटत नाही. औषध नाही, हात नाही, तरी तारीख पाळायचीच हा निर्णय राज्याचा असतो. राज्यांना दुसरे मार्ग सापडलेच: अलाबामाने जानेवारी २०२४ मध्ये नायट्रोजन वापरला, साउथ कॅरोलिनाने मार्च २०२५ मध्ये गोळीबार पथक. त्यांत औषधवाल्यांची गरज नाही. ते कमी क्रूर आहेत का यावर वाद होऊ द्या. निदान त्यांना दवाखान्याचा वेश नाही.

भारताबद्दल थोडक्यात. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीना प्रकरणात फाशी घटनेला धरून असल्याचं म्हटलं. २००३ मध्ये विधी आयोगाने १८७ व्या अहवालात इंजेक्शनचा पर्याय सुचवला. २०१७ पासून यावर जनहित याचिका चालू आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने असा पर्याय देणं व्यवहार्य नसल्याची भूमिका मांडली. वेदनारहित मृत्यू म्हणून ज्यांना इंजेक्शन हवं आहे त्यांनी वरचं लॉकेट प्रकरण वाचावं. शिवाय आपल्याकडे सोवळं नाहीच: दोर गळ्यात असलेल्या देहाला डॉक्टर मृत घोषित करेपर्यंत तो लटकत ठेवायचा, हे १९९५ पासून न्यायालयाचंच म्हणणं आहे. म्हणजे येरवडा किंवा नागपूरच्या तुरुंगात फाशीच्या पहाटे एक वैद्यकीय अधिकारी स्टेथोस्कोप घेऊन उभा असतोच, आणि त्याने काय करावं यावर आपल्या वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत थेट काहीही नाही; छळाला साथ देऊ नये एवढं आहे. इंजेक्शन आलं तर त्या माणसाच्या हातात इंट्राकॅथ येईल आणि जिल्हा रुग्णालयाच्या इंडेंटवर, म्हणजे औषधांच्या मागणीपत्रावर, तुरुंगाचं थायोपेंटोन. त्या इंडेंटवर सही करायला मी तरी तयार नाही.

राहिली तुमची ऑर्डर. अशी चौकशी सरळ येणार नाही, दलालामार्फत येईल, म्हणून कागदावर बघायच्या गोष्टी सांगते. माल घेणाऱ्याच्या रकान्यात इस्पितळ किंवा औषध वितरक आहे, की एखाद्या राज्याचा ‘डिपार्टमेंट ऑफ करेक्शन्स’? तिसऱ्याच देशाच्या नोंदणीसाठी म्हणून मोठ्या संख्येने नमुने मागितले आहेत का? थायोपेंटोनबरोबर पॅनक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम आणि पोटॅशियम क्लोराइड एकाच पत्रात आहेत, पण भुलीला रोज लागणारं बाकी काहीच नाही? ऑर्डर देणारा घाईत आहे आणि भावाची घासाघीस करत नाही? यातलं एकही जुळलं तर अंतिम वापर कोण आणि कशासाठी करणार याची लेखी हमी मागा, आणि करारात पुनर्विक्रीला बंदी घाला. लुंडबेक आणि फायझरने हेच केलं. हमी आली नाही तर कोटेशन देऊ नका. वरिष्ठ म्हणाले की गिऱ्हाईक कायदेशीर आहे, तर त्यांना सांगा की हे बिल खऱ्या गिऱ्हाइकाच्या नावाने, खऱ्या कारणासह फाडू या, आणि बघा दलाल परत फोन करतो का.